गळक्या झडपेची गोष्ट

संडासाच्या भांड्याखालची नळी वाकडी का असते, असे वर्गात विचारले तर बहुधा कोणीतरी सांगेल, ‘वास येऊ नये म्हणून.’ उत्तर बरोबर आहे. त्या वाकात नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि खालच्या टाकीतल्या वायूची वाट अडवते. अशा संडासाला आपण ‘जलबंद’ म्हणतो ते यामुळेच.

आता पुढचा प्रश्न विचारून पाहा. हेच भांडे चालत्या गाडीत बसवले तर? अमेरिका आणि युरोपात सुट्टीत मोटारघर घेऊन हिंडणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. मोटारघर म्हणजे चाकांवरचे घरच. त्यात ओटा असतो, बिछाने असतात आणि संडासही असतो. पण अशा बऱ्याच गाड्यांतल्या संडासाला वाकडी नळी नसते. भांड्याच्या तळाशी एक झडप असते आणि तिच्या खाली थेट मैल्याची टाकी. ही झडप गळणे ही मोटारघरवाल्यांची नेहमीची डोकेदुखी. ती समजून घ्यायची तर चारशे वर्षे मागे जावे लागते.

१५९६ साली इंग्लंडमधील सर जॉन हॅरिंग्टन याने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाचे वर्णन छापले. हा राणी एलिझाबेथचा धर्मपुत्र. त्याच्या योजनेत वर पाण्याची टाकी होती आणि भांड्याच्या तळाशी झडप. वाकडी नळी मात्र नव्हती. वास अडवण्याचे काम एकट्या झडपेवर होते.

१७७५ साली लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने संडासाचे पेटंट घेतले. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. भांड्याखाली सरकणारी झडप होती आणि तिच्याखाली इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली नळी. असे संडास घरोघर बसवण्याचे काम जोसेफ ब्रामा नावाचा सुतार करत असे. थंडीत झडप गोठून अडकते, हे त्याच्या ध्यानात आले. अ‍ॅलन नावाच्या कारागिराने सरकत्या झडपेऐवजी बिजागरीची झडप बसवून ही अडचण दूर केली. १७७८ साली पेटंट मात्र ब्रामाच्या नावाने झाले.

झडप कोणतीही असो, ती हलते. हलणारा भाग झिजतो, त्यात घाण अडकते आणि तो गळू लागतो. घरात याची भीती मोठी होती. १८७१ साली युवराज एडवर्ड विषमज्वराने मरता मरता वाचला, तेव्हा गटारातल्या वायूची धास्ती इंग्लंडभर पसरली. विषमज्वर वायूमुळे होत नाही, दूषित पाण्यातून व अन्नातून जाणाऱ्या जिवाणूंमुळे होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. पण त्या धास्तीमुळे घरांतले सांडपाण्याचे नळ सुधारले, हेही खरे.

१८८० च्या दशकात भांडे आणि वाक मिळून चिनीमातीचे एकसंध संडास विकले जाऊ लागले. त्यात हलणारा भागच नव्हता, म्हणून झिजण्यासारखेही काही नव्हते. घरातून झडप हळूहळू हद्दपार झाली.

मग ती मोटारघरात परत का आली? पाण्याचे हे कुलूप स्थिर जागीच चांगले काम करते. गाडीचा ब्रेक लागला की गाडी थांबते, पण जडत्वामुळे वाकातले पाणी पुढे जाऊ पाहते. वळणावर ते बाजूला उसळते. पाणी सांडले की कुलूप उघडले. शिवाय वाकातून मैला पुढे ढकलायला बरेच पाणी लागते. गाडीतला साठा बेताचा असतो, तिथे लिटरभर पाण्यातही काम भागवावे लागते.

रेल्वेने हा प्रश्न दीर्घकाळ सोप्या पण वाईट मार्गाने सोडवला होता. भोक ठेवायचे आणि सारे रुळांवर सोडायचे. भारतात २०१० नंतरच्या दशकात डब्यांना जैवशौचालये बसली, तेव्हा ही पद्धत मागे पडली. मोटारघराला रस्त्यावर असे करता येत नाही. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये दाखवलेल्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या प्रवासी मोटारीत शौचासाठी साधे भांडेच दिलेले होते. पुढे गाडीच्या तळाशी टाकी आली आणि टाकीचे तोंड बंद ठेवायला झडप आली.

या वेळी झडपेच्या सोबतीला रबर होते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर आणि थॉमस हँकॉक यांनी १८४० च्या दशकात गंधक घालून रबर पक्के करण्याची पेटंटे घेतली आणि मग रबराचे वायसर भरवशाचे झाले. आजच्या झडपेभोवती असेच वायसर असते. भांड्यात बोट-दोन बोटे पाणी ठेवले की वायू वर येत नाही. हे पाणी आपोआप खाली उतरू लागले की समजावे, वायसर नीट बसत नाही.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे गळती केव्हा आणि कुठे होते ते पाहणे. भांडे रिकामे होत असेल तर दोष झडपेच्या वायसरचा. पाणी सोडतानाच मागून पाणी ठिबकत असेल, तर भांड्यातले पाणी उलट नळात खेचले जाऊ नये म्हणून बसवलेला भाग पाहावा. सतत ठिबकत असेल तर पाण्याची तोटी पाहावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे हिवाळ्यात ती तडकते. बुडाशी ओल दिसली तर हादऱ्यांनी सैल झालेले नट आवळावेत.

पुष्कळदा वायसरच्या खाचेत साचलेली घाण व क्षार पुसून काढले तरी गळती थांबते. नाहीतर वायसर बदलावे. त्याला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये. रबर तेल शोषून फुगते आणि बिघडते. सिलिकॉनचे वंगण चालते. गळतीकडे दुर्लक्ष केले तर टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन माणसे झोपतात त्या बंद खोलीत येतो. हायड्रोजन सल्फाइड विषारी, तर मिथेन ज्वालाग्राही.

वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग सोपा आहे. पारदर्शक नळी ‘यू’ आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरा. ती खेळण्यातल्या गाडीवर गाडीच्या लांबीच्या दिशेने बांधा, गाडी ढकला आणि एकदम थांबवा. पाणी उसळले की मुलांना विचारा, शंभर वर्षांपूर्वी घराने टाकून दिलेली झडप गाडीने का उचलली? जुने ते टाकाऊ असे सरसकट म्हणता येत नाही. परिस्थिती बदलली की जुनी युक्ती पुन्हा कामाला येते, आणि तिचे जुने दुखणेही सोबत येते.