किल्लारीची पहाट आणि बंगळुरूचा ‘निसार’

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. भारताचे दूरसंवेदन उपग्रह तेव्हा अवकाशात होते. परंतु त्यांच्या कॅमेऱ्यांना सूर्यप्रकाश आणि निरभ्र आकाश लागे. रडार उपग्रह भारताकडे नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधील संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक नवी वाट दाखवली होती. कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे १९९२ मध्ये झालेल्या भूकंपाच्या आधीची व नंतरची रडार प्रतिमा त्यांनी ताडून पाहिली आणि जमीन किती सरकली, हे अवकाशातून मोजले.

१९९५ च्या कोबे भूकंपानंतर हे तंत्र शहरांतील पडझडीकडे वळले. उभी भिंत आणि पुढचा रस्ता यांचा काटकोन रडारची लहर ठळकपणे माघारी पाठवतो. भिंत ढासळली की काटकोन मोडतो, ढिगारा लहरी चहूकडे विखुरतो आणि दोन प्रतिमांमधला मेळ तुटतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूच्या पडझडीचे नकाशे याच तत्त्वावर तयार झाले. मात्र तळमजला दबूनही छप्पर शाबूत राहिले, तर रडार फसू शकते.

आणखी एक अट अधिक कठोर आहे. भूकंपानंतर उपग्रह वळवता येतो. भूकंपाआधीची प्रतिमा मात्र मागाहून घेता येत नाही. ती आधीच संग्रही असावी लागते.

२०१२ मध्ये ‘रिसॅट-१’ हा स्वदेशी रडार उपग्रह झेपावला. पुढे ‘निसार’साठी इस्रो आणि नासा यांचा करार झाला, तो ३० सप्टेंबर २०१४ रोजी, किल्लारीला बरोबर २१ वर्षे झाली त्या दिवशी. अहमदाबादचे एस-बँड आणि अमेरिकेचे एल-बँड रडार कॅलिफोर्नियात जोडले गेले, मार्च २०२३ मध्ये बंगळुरूला आले आणि यू. आर. राव उपग्रह केंद्रात उपग्रहाच्या सांगाड्यावर बसवले गेले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उड्डाण झाले.

‘निसार’ची फेरी १२ दिवसांची आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले काही तास मोलाचे असतात; तेव्हा धावून येतात ते शेजारचे हात. पण कोणत्या वस्तीत मदत आधी न्यायची, हे ठरवताना लागणारी ‘आधीची’ प्रतिमा आता नेमाने साठत जाईल.