दिंडीच्या पेटीतले फोटो

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मठातल्या सागवानी पेटीत जे जुने फोटो हायेत त्यावर दोन शब्द लिहा, असं समितीनं सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस, बोलण्याची सवय जास्त, लिहिण्याची कमी. पण पेटीतल्या पुष्कळ माणसांच्या मागं मी टाळ घेऊन चाललोय, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकतो. पेटीत सर्वात वर तुकोबारायांची तसबीर आहे. पुष्कळ जण ती तुकोबांचा खरा फोटो म्हणून पाया पडतात. महाराज १६५० साली वैकुंठाला गेले. फोटोची विद्या आपल्या मुंबईला आली त्याच्या दोनशे वर्षांनी. १८५४ साली तिथं फोटो काढणारांची सोसायटी निघाली, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले फोटो काढणारे. तेव्हा तुकोबांचा फोटो असणार कुठून? आपल्याकडची तसबीर ती विष्णुपंत पागनीस यांची. १९३६ साली प्रभात कंपनीनं संत तुकाराम सिनेमा काढला, त्यात ते तुकोबा झाले होते. माणसानं भूमिकाच अशी केली की घराघरात त्यांचाच चेहरा देव्हाऱ्यात जाऊन बसला. मला यात वावगं वाटत नाही. गंध लावा, फूल वाहा. पण इतिहास लिहिताना हे आणि ते वेगळं सांगितलं पाहिजे.

आता खाली उतरू. पेटीत बैठे फोटो आहेत ते आपल्या जुन्या विणेकऱ्यांचे, मृदंगवाल्यांचे, चोपदारांचे. सगळे कसे कडक बसलेत बघा! पोरं विचारतात, बाबा ही माणसं रागावलीत का? रागावली नाहीत. जुना कॅमेरा म्हणजे काचेवर मसाला लावलेला, त्याला उजेड प्यायला वेळ लागायचा. तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसट झालाच. म्हणून फोटोवाला दम धरायला लावायचा. एका फोटोत विणेकरी बुवा ठीक आलेत आणि पायाशी बसलेल्या पोराला दोन डोकी आलीत, ती त्यामुळंच. मागं पडद्यावर राजवाडा, कमानी, कारंजं. पुढं अनवाणी शेतकरी, टाचेला भेगा. फोटोवाल्यानं राजवाडा दिला पण पायाच्या भेगा झाकता आल्या नाहीत. मला तर ह्या फोटोत ते पायच आवडतात.

रस्त्यावरचे फोटो जास्त बोलतात. बहुतेकांवर साल नाही. मग ओळखायचं कसं? डोक्यावरून ओळखायचं. एका फोटोत सगळ्यांच्या डोक्याला मुंडासी आणि पागोटी. दुसऱ्यात म्हातारे मुंडाशात आणि तरणी पोरं पांढऱ्या टोपीत. गांधी टोपी १९२०-२१ च्या चळवळीत खेड्यापाड्यात आली, म्हणजे दुसरा फोटो त्याच्या नंतरचा, हे नक्की. मग पुढं बघा, बैलगाडी आहे, गाडीला कंदील टांगलाय, पाण्याची पखाल आहे. नंतरच्या फोटोत पखाल गेली, पत्र्याची टाकी आली. आणखी पुढं ट्रक आला, आणि बैल फक्त रथाला राहिला. चपलांचंही तसंच. आधी अनवाणी, मग टायरच्या चपला, मग रबरी, आता बूट. आपल्या दिंडीचा सगळा जमाखर्च पायाखाली दिसतो.

दुष्काळातला फोटो तेवढा मी डोळ्यानं बघितलेला. ७२ चा दुष्काळ सोसून माणसं ७३ च्या आषाढीला निघाली. पाऊस पडला होता पण बियाणं नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला घट्टे पडलेले, त्याच हातात टाळ. फोटोत एरवीपेक्षा निम्मी माणसं दिसतात. कुणाची हाडं मोजून घ्यावीत अशी. पण विणा खाली आलेला नाही.

बायकांबद्दल लिहिलं पाहिजे. फोटोच्या मागं शाईनं नावं लिहिलीत, ती पुरुषांची. बायकांपुढं 'मंडळी' एवढंच. डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन शंभर कोसाची वाट चालणारी बाई, तिला नाव नाही? जनाबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई यांची नावं आपण कीर्तनात छाती फुगवून घेतो आणि आपल्याच आजीचं नाव कागदावर लिहीत नाही. यंदा घरोघर फिरून त्यातल्या नऊ जणींची नावं मिळाली. ती फोटोखाली छापलीत.

आणि आता तो फोटो. खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

पूर्वी यात्रेत फोटोवाले तंबू ठोकायचे. मागं रंगवलेला पडदा, त्यावर विठोबा-रखुमाई. पुढं उभं राहायचं, पैसे द्यायचे, फोटो घ्यायचा. आपल्या पेटीत असा एक फोटो आहे. एक उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, गळ्यात तुळशीची माळ, हात जोडलेले. तोंड कॅमेऱ्याकडं नाही. तो वळून पडद्यावरच्या देवाकडं बघतोय. फोटोवाल्यानं नक्कीच म्हणलं असणार, इकडं बघा. त्यानं बघितलं नाही.

हा माणूस आपल्या गावच्या महारवाड्यातला. जन्मभर आपल्या दिंडीबरोबर चालला, पण दिंडीच्या पाठीमागं, अंतर ठेवून. पंढरीत गेल्यावर आपली माणसं महाद्वारातून आत जायची आणि तो नामदेव पायरीजवळ चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचा. तिथून पुढं त्याला वाट नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण मांडलं, तेव्हा मंदिर सगळ्यांना उघडलं. हा माणूस त्याच्या आधीच वारला होता. म्हणजे त्यानं विठोबा जवळून बघितला तो कापडावरचा.

त्याच्या नातवानं हे मला सांगितलं. नातू आज आपल्या दिंडीत मृदंग वाजवतो. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दिंडीचा एक मोठा फोटो आहे वाळवंटातला. त्यात हाच माणूस आणखी दोघांसह उजव्या कडेला हातभर दूर उभा आहे. स्मरणिकेसाठी तो फोटो पानात बसेना. छापखानेवाला म्हणाला, कड कापतो, तिकडं कोण विशेष नाही. समितीतही एकदोघांचं म्हणणं पडलं की शताब्दीच्या आनंदात जुनं कशाला उकरायचं. मी म्हणलं, कड कापली तर मधलं अंतरसुद्धा कापलं जाईल, आणि ते अंतर आपण ठेवलेलं आहे, त्या तिघांनी नाही. शेवटी फोटो आडवा छापायचं ठरलं. पुस्तक फिरवून बघावं लागेल, तेवढे कष्ट घ्यावेत. तिघांचीही नावं खाली आहेत.

फोटो जपायचं थोडं सांगतो. तसबिरीच्या काचेवर हळदकुंकू लावलं तर पुसता येतं, पण उघड्या फोटोवर लावू नये. दोन बुवांचे चेहरे त्यानंच गेलेत. उदबत्ती दूर लावावी. ओल्या फडक्यानं पुसू नये. ओल्या भिंतीला टांगू नये, कसर आणि वाळवी दोन्ही लागतात. मागं लिहायचं तर शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं.

अजून एकोणीस चेहरे ओळखू आलेले नाहीत. ते फोटो सप्ताहात मठाच्या ओसरीवर मांडून ठेवणार आहोत. ज्यांच्या घरात नव्वदीची माणसं आहेत त्यांनी त्यांना गाडीत घालून आणावं, गाडीची सोय नसेल तर निरोप द्यावा, आम्ही येऊ. खुर्ची, चष्मा, चहा सगळं ठेवलंय.