दिलजमाईचा हिशोब

नासिर हे दक्षिण सुदानमधलं, सोबात नदीच्या काठावरचं एक लहान गाव. इथिओपियाची सरहद्द तिथून जवळ आहे. २८ ऑगस्ट १९९१ रोजी तिथल्या तीन कमांडरांनी जाहीर केलं की चळवळीचे अध्यक्ष जॉन गरांग यांना आम्ही पदावरून दूर करत आहोत. बीबीसी रेडिओवरून ही बातमी सगळीकडे पोचली. पुढे मार्च २०२५ मध्ये याच नासिरमधला सरकारी लष्करी तळ नुएर तरुणांच्या 'व्हाइट आर्मी' नावाच्या सशस्त्र टोळ्यांनी ताब्यात घेतला. महिना संपायच्या आत, १९९१ च्या त्या तीन कमांडरांपैकी एक असलेले रिएक माचार राजधानी जुबात नजरकैदेत गेले. तेव्हा ते देशाचे प्रथम उपराष्ट्राध्यक्ष होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर खून आणि देशद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले.

या दोन घटनांच्या मधल्या चौतीस वर्षांत त्यांचा पक्ष, म्हणजे सुदान पीपल्स लिबरेशन मूव्हमेंट (एसपीएलएम), अनेकदा फुटला आणि जवळजवळ तितक्याच वेळा जुळला. करार झाले, मिठ्या झाल्या, एकदा तर जाहीर अश्रूही झाले. तरी गाडी फिरून नासिरलाच का आली, हा या लेखाचा विषय.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला तेव्हा मी शाळेत होतो. आपल्या डोळ्यांदेखत जगाच्या नकाशावर नवा देश उमटतो याचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. सार्वमतात ९८.८३ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत दिलं होतं. इतकं एकमत असलेला देश अडीच वर्षांच्या आत यादवी युद्धात कसा बुडतो, हे कोडं डोक्यात राहिलं आणि गेली काही वर्षं मी त्यावर मिळेल ते वाचत आलो आहे. वाचता वाचता लक्षात आलं की या देशाचा प्रश्न मुळात एका पक्षाच्या घरातला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुदानच्या दक्षिण भागात स्वायत्ततेसाठी १९५५ ते १९७२ असं पहिलं युद्ध झालं. अदिस अबाबा करारानं ते थांबलं. १९८३ मध्ये खार्टूमच्या निमेरी राजवटीनं हा करार मोडीत काढला, दक्षिणेचे तुकडे केले, देशभर शरियत लागू केली. त्याच वर्षी मे महिन्यात बोर इथल्या सैनिकांनी बंड केलं. सैन्यातले एक कर्नल, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कृषी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेले जॉन गरांग, या बंडाला सामील झाले आणि त्यातून एसपीएलएम उभी राहिली. तिच्या सैन्याचं नाव एसपीएलए. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी सैन्य, मग पक्ष. सभासद, शाखा, निवडणुका असं काही नव्हतंच. जो कमांडर तोच नेता, आणि नेत्याशी मतभेद म्हणजे शिस्तभंग. गरांगशी न पटलेले काही सहकारी वर्षानुवर्षं कैदेत पडले होते.

१९९१ च्या मे महिन्यात इथिओपियात मेंगिस्तूची राजवट कोसळली. एसपीएलएचे तळ, रसद, निर्वासितांच्या छावण्या, सगळं तिथंच होतं. तो आधार गेला आणि साचलेली खदखद वर आली. नासिरच्या बंडात तीन नावं होती: रिएक माचार, लाम अकोल आणि गॉर्डन कोंग. माचार खार्टूम विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकलेले, लाम अकोल तर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवलेले. म्हणजे बंडाची आखणी करणाऱ्यांत दोघे आमच्याच बिरादरीतले! त्यांच्या मागण्या वाचल्या तर आजही पटतात. पक्षात लोकशाही हवी, मानवी हक्क पाळले जावेत, आणि गरांग म्हणतात तसा अखंड 'नवा सुदान' नको, दक्षिणेचं स्वातंत्र्य हवं. शेवटची मागणी वीस वर्षांनी खरीही झाली.

पण लोकशाहीची मागणी करणाऱ्यांकडेही बंदुकाच होत्या. माचार नुएर जमातीचे, गरांग बोरकडचे डिंका. नोव्हेंबर १९९१ मध्ये माचार यांच्या फौजा आणि नुएर तरुणांच्या टोळ्या बोरवर चालून गेल्या. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अंदाजानुसार किमान २,००० माणसं मारली गेली, गुरं पळवली गेली, हजारो लोक परागंदा झाले आणि मागोमाग उपासमार आली. गरांग यांची हुकूमशाही या मुद्द्यावरून सुरू झालेलं भांडण तीन महिन्यांत 'डिंका विरुद्ध नुएर' झालं. पुढची काही वर्षं खार्टूमनं या फुटीला खतपाणी घातलं. १९९७ मध्ये तर दक्षिणेच्या स्वातंत्र्यासाठी बाहेर पडलेले माचार खार्टूम सरकारशी करार करून तिथंच पदावर बसले.

इतिहासाच्या या भागात माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधून घेतलं ते एका गावानं. त्याचं नाव वुनलित.

१९९९ च्या फेब्रुवारीअखेरीस, नाईल नदीच्या पश्चिमेकडच्या या गावात डिंका आणि नुएर जमातींचे प्रमुख एकत्र आले. परिषद भरवली होती न्यू सुदान कौन्सिल ऑफ चर्चेस या संस्थेनं. आधी वर्षभर तयारी चालली होती. दोन्हीकडचे प्रमुख जीव मुठीत धरून एकमेकांच्या मुलखात जाऊन राहून आले, कारण बोलवणाऱ्याच्या शब्दावर भरवसा बसायला दुसरा मार्ग नव्हता. परिषदेसाठी माती-गवताच्या झोपड्यांचं एक गावच उभारलं गेलं. दीड हजारांच्या आसपास माणसं जमली. सुरुवातीला पांढऱ्या बैलाचा बळी दिला गेला, आणि जो हा समझोता मोडेल त्याची गत या बैलासारखी होईल असा शाप उच्चारला गेला.

पण खरं काम त्यानंतर सुरू झालं. आधी एका बाजूनं आपली गाऱ्हाणी सांगायची, दुसऱ्या बाजूनं ऐकायची आणि उत्तर द्यायचं. मग उलट. कुठल्या गोठ्यावर धाड पडली, कोण मेलं, कोणाच्या मुली पळवल्या, कोणती कुरणं बंद झाली. हे काही दिवस चाललं. मग ठराव झाले आणि त्यावर तीनशेहून अधिक माणसांनी सह्या-अंगठे केले. पळवून नेलेल्या बायका-मुलांचा शोध घ्यायचा, त्यांना परत पाठवायचं. जिथं संसार मांडले गेले आहेत तिथं रीतीप्रमाणे गाईंच्या रूपात वधूमूल्य देऊन नातं रीतसर करायचं. कुरणं आणि मासेमारीच्या जागा दोघांनी वापरायच्या. सीमेवर पहारा ठेवायचा. मागच्या गुन्ह्यांना माफी, पण ती गुन्हे बोलून झाल्यावर.

वुनलितला रम्य करून सांगायची गरज नाही. ठरावातल्या पहाऱ्यासाठी पैसे आणि माणसं पुरेशी आलीच नाहीत, आणि त्याच वर्षी शेजारच्या तेलक्षेत्रात नवी लढाई पेटली. पळवलेल्या बाईला काय हवं हे तिला किती विचारलं गेलं, हा प्रश्नही उरतोच. तरीही नदीच्या पश्चिमेकडच्या डिंका-नुएर सीमेवर गुरं पुन्हा एकत्र चरू लागली. आणि आपापल्या प्रमुखांनी समेट केल्यावर वरच्या नेत्यांना वेगळं राहणं अवघड झालं. माचार २००० मध्ये खार्टूम सोडून बाहेर पडले आणि जानेवारी २००२ मध्ये नैरोबीत गरांग आणि माचार यांनी एकत्रीकरणाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. एकसंध झालेल्या दक्षिणेशी खार्टूमला बोलावं लागलं. त्याच जुलैत माचाकोसचा मसुदा आणि ९ जानेवारी २००५ रोजी सर्वंकष शांतता करार झाला.

म्हणजे पक्षाला वुनलितचं फळ मिळालं. पद्धत मात्र त्यानं घेतली नाही. नैरोबीच्या जाहीरनाम्यात फौजा एकत्र करणं होतं, पदं होती. बोरमध्ये काय झालं, हुकूम कोणी दिला, मेलेल्यांच्या घरच्यांचं काय, हे प्रश्न शांतता करार पदरात पडेपर्यंत बाजूला ठेवले गेले आणि मग बाजूलाच राहिले.

माझ्या कामात रोज एक प्रसंग येतो. दोन जणांनी एकाच प्रोग्रॅमवर वेगवेगळं काम केलेलं असतं आणि ते एकत्र करायचं असतं. जिथं दोघांचं पटत नाही त्या ओळी यंत्र खूण करून दाखवतं. त्या एकेक वाचून निर्णय घ्यायचा हे खरं काम. घाई असेल तर सरसकट एक बाजू ठेवून पुढे जाता येतं, किंवा ती जागाच झाकून टाकता येते. प्रोग्रॅम त्या दिवशी चालतो. दोष जात नाही, फक्त पुढच्या तारखेला सरकतो. माणसांची तुलना प्रोग्रॅमशी करू नये हे मला कळतं, कारण प्रोग्रॅमला मेलेली भावंडं नसतात. पण खुणा झाकून एकत्रीकरण जाहीर करण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये रुम्बेक इथं गरांग आणि त्यांचे उपनेते साल्वा कीर यांच्यात ठिणगी पडली, तेव्हा कीर यांची तक्रार होती की अध्यक्ष परदेशी गेले की मागे जबाबदार कोणी उरत नाही, चळवळ त्यांच्या ब्रीफकेसमधून प्रवास करते की काय कळत नाही. समेट झाला. आठ महिन्यांनी, ३० जुलै २००५ रोजी, गरांग हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि ती ब्रीफकेस कीर यांच्या हाती आली. कीर यांचा स्वभाव सगळ्यांना सामावून घेण्याचा. जानेवारी २००६ च्या जुबा जाहीरनाम्यानं त्यांनी पावलिनो मातिप यांची, एकेकाळी खार्टूमच्या बाजूनं लढलेली मोठी फौज एसपीएलएत घेतली. त्यातून खूप रक्तपात टळला हे मान्य करायला हवं. पण जोडणारा सांधा होता पगार. स्वातंत्र्याच्या वेळी सरकारचं सुमारे ९८ टक्के उत्पन्न तेलातून येत होतं, आणि त्यातला मोठा वाटा दोन लाखांच्या आसपास सैनिक आणि शेकडो जनरल यांच्यावर खर्च होत होता. तुकड्या मात्र आपापल्या जुन्या सेनापतीचंच ऐकत राहिल्या. जानेवारी २०१२ मध्ये खार्टूमशी वाद होऊन तेल बंद झालं तेव्हा सांध्यातला चुनाच निघाला.

बोरबद्दल एकदा कोणी बोललं ते ऑगस्ट २०११ मध्ये. माचार यांनी गरांग यांच्या पत्नी रिबेका न्यांदेंग यांच्या जुबातल्या घरी, रडत, १९९१ साठी माफी मागितली. मला या प्रसंगाबद्दल छद्मीपणानं लिहायचं नाही. वीस वर्षांत त्या देशातल्या दुसऱ्या कुठल्या सेनापतीनं इतकंही केलं नव्हतं. पण वुनलितच्या मापानं पाहिलं तर त्यात फक्त माफीचं वाक्य होतं. समोर गाऱ्हाणं सांगणारे बोरचे साधे लोक नव्हते, भरपाई नव्हती, आणि नुएरांनी जे सोसलं ते सांगायला जागाही नव्हती. पुढे राष्ट्रीय समेटाची मोहीम माचार यांच्याकडेच आली. एप्रिल २०१३ मध्ये कीर यांनी त्यांचे अधिकार काढून घेतले आणि ती मोहीमही थांबवली, कारण तिचा उपयोग माचार अध्यक्षपदाच्या तयारीसाठी करतील अशी शंका होती. जुलैत माचार आणि सगळं मंत्रिमंडळ गेलं. डिसेंबरात पक्षाच्या बैठकीत कीर यांनी विरोधकांना १९९१ ची आठवण करून दिली. १५ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या रक्षक दलातच गोळीबार सुरू झाला. पुढच्या काही दिवसांत जुबात घरोघरी शोधून नुएर मारले गेले, आणि काही आठवड्यांत बोर पुन्हा उद्ध्वस्त झालं. २०१८ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी या युद्धानं ३,८३,००० च्या आसपास जास्तीचे मृत्यू घडवल्याचा अंदाज काढला. त्यातले निम्मे हिंसेनं झालेले.

युद्ध चालू असतानाच पक्ष जोडण्याचा सगळ्यात नेटका प्रयत्न झाला, तो टांझानियात अरुशा इथं. टांझानियाचा सत्ताधारी पक्ष मध्यस्थ होता, दक्षिण आफ्रिकेचा एएनसी साक्षीला होता. २१ जानेवारी २०१५ रोजी तिन्ही गटांनी सह्या केल्या. कागद म्हणून हा करार उत्तम आहे. नेतृत्वानं जनतेची जाहीर माफी मागावी, गुन्ह्यांची जबाबदारी निश्चित व्हावी, पक्षात लोकशाही यावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. नासिरच्या मागण्या चोवीस वर्षांनी मान्य झाल्या म्हणा ना. प्रत्यक्षात पागान अमुम यांच्यासारख्या बडतर्फ नेत्यांना पदं परत मिळाली, आणि बाकीचं राहून गेलं. जुलै २०१६ मध्ये जुबात पुन्हा लढाई झाली. आपल्या हवाई दलाची सी-१७ विमानं भारतीयांना आणायला गेली होती, ती याच वेळी.

चौतीस वर्षांचा हा हिशोब मांडल्यावर मला एवढंच दिसतं. एसपीएलएमच्या प्रत्येक दिलजमाईत 'कोणाला काय मिळणार' याची यादी तपशीलवार होती आणि 'कोणाचं काय गेलं' याची यादी कोरी होती. वुनलितच्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या प्रमुखांनी नेमकं उलट केलं होतं. पक्षाची पुनर्बांधणी म्हणजे घटना, समित्या, गुप्त मतदान हे खरंच आहे, त्याशिवाय पक्ष ब्रीफकेसमधून बाहेर येत नाही. पण ज्या पक्षानं आपल्याच लोकांना मारलं आहे त्याला त्याआधी एक काम करावं लागतं. गावात जाऊन खाली बसायचं आणि गाऱ्हाणं संपेपर्यंत उठायचं नाही.

आता माचार यांच्यावर खटला चालू आहे. त्यात २०२५ च्या नासिरबद्दल विचारलं जाईल. १९९१ च्या बोरबद्दल आणि २०१३ च्या जुबाबद्दल विचारणारं न्यायालय अजून बसलेलं नाही. निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे ढकलून डिसेंबर २०२६ वर नेल्या आहेत. तोवर पक्षाचा आणखी एखादा समेट होईलही. झाला तर त्याच्या बातमीत मी पदांची नावं आधी वाचणार नाही. बोरची माणसं आणि जुबातली नुएर माणसं त्या खोलीत होती का, एवढंच शोधीन.