काकूंच्या पलंगाखालचं खोकं

मागचा अख्खा महिना मी मनामात एसी लावून प्रेमकथा आणि रहस्यकथा वाचत होते. ज्यांनी मला पोस्टडॉकचा पगार दिला, त्यांनी हा लेख कृपया पुढे वाचू नये.

झालं असं, की आखातात आलेल्या नोकरदार कुटुंबांचा इतिहास गोळा करताना गुदैबियात राहणाऱ्या एका मराठी काकूंची मुलाखत घ्यायला गेले. काकू १९८८ मध्ये लग्न होऊन बहारीनला आल्या. काका जहाजदुरुस्तीच्या गोदीत. दिवाणखान्यातल्या कपाटात 'ययाति', 'मृत्युंजय', 'बटाट्याची चाळ'. तुमच्या आईबाबांचं कपाट आठवून बघा, न्यू जर्सीत असो की स्टुटगार्टमध्ये. बॅगेत जागा कमी असते, मग माणूस 'चांगली' पुस्तकं घेऊन निघतो. मी ते कपाट बघून वहीत नोंदही केली: वाचन, अभिजात.

चहा झाल्यावर काकूंनी पलंगाखालून एक खोकं ओढलं. एक्केचाळीस पुस्तकं. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे. गिरगावातलं एक वाचनालय बंद पडलं तेव्हा सुट्टीवर गेलेल्या काकूंनी ती रद्दीच्या भावाने उचलली होती. ''वाचायची ती ही,'' त्या म्हणाल्या, ''ती बाहेरची पाहुण्यांसाठी.''

अर्नाळकर (१९०६–१९९६) हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. या गृहस्थांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळा पहाड श्रीमंत लबाडांना लुटणारा आणि पोलिसांना हुलकावण्या देणारा. झुंजारही तसाच धाडसी. धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. टीव्ही नव्हता (मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये), तेव्हा मुंबईतला कारकून, शाळकरी पोरगा, गिरणीतला कामगार हे वाचत होता. मी दिवसाला दोन संपवत होते. तिसऱ्या दिवशी गुन्हेगार आधीच ओळखू यायला लागला आणि तरी पुस्तक खाली ठेववेना.

प्रेमकथांचा मामला वेगळा. ना. सी. फडक्यांनी सुटाबुटातल्या नायकांच्या प्रेमकथा लिहिल्या आणि ते १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अर्नाळकरांच्या वाट्याला ती खुर्ची कधी आली नाही. दुसऱ्या टोकाला चंद्रकांत काकोडकर. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. हायकोर्टाने दोषी ठरवलं, १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांना एक मराठी प्रेमकथा बारकाईने तपासावी लागली. मला हे चित्र फार आवडतं.

पण या खोक्यातली खरी ऐतिहासिक वस्तू छापलेल्या मजकुरात नव्हतीच. प्रत्येक पुस्तकाच्या ठरावीक पानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या: फुली, चांदणी, 'स', 'कु', दोन टिंबं. आधी मला वाटलं, मुलांनी रेघोट्या मारल्यात. काकू हसल्या. नावं सगळी सारखीच, त्यामुळे तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून वाचनालयातली बाई आपल्या पानावर आपली खूण करून ठेवायची. 'कु' नावाची कोणी एक एक्केचाळीसपैकी तेवीस पुस्तकांत आहे. तिला रहस्यकथा आणि प्रेमकथा दोन्ही चालायच्या, शिरवळकर मात्र तिने एकही घेतलेला नाही. वाचनालयाच्या रजिस्टरात बहुतेक नवऱ्याचं नाव असणार. खूण तिची आहे. आणि त्याच पानांवर निळ्या बॉलपेनच्या चार खुणा आणखी आहेत, त्या इथल्या. काकूंच्या मैत्रिणी शुक्रवारी पुस्तकं बदलून न्यायच्या. कपाटातल्या 'ययाति'वर एकही खूण नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आज्जीला पुढच्या व्हिडिओ कॉलवर 'तुझं आवडतं पुस्तक कोणतं' असं विचारू नका, ती कपाटातलंच नाव सांगेल. 'वाचनालयातून काय आणायचीस आणि खूण काय करायचीस' असं विचारा. उत्तर रेकॉर्ड करा.

काका जूनमध्ये रिटायर होतायत. व्हिसा नोकरीला बांधलेला, म्हणजे घर आवरून परत जायचं. परवा गेले तेव्हा सूटकेस उघडी होती, 'मृत्युंजय' वर्तमानपत्रात नीट गुंडाळून तळाशी ठेवलेला, आणि खोकं दाराजवळ, कचऱ्याच्या पिशव्यांच्या शेजारी. मी त्यांच्या बॅगेच्या काट्यावर ते वजन केलं. साडेसहा किलो. ''काकू, 'मृत्युंजय' दादरला कुठेही मिळेल,'' मी म्हटलं. त्यांनी सूटकेसकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. ''ह्यांना विचारते,'' म्हणाल्या.