लोफर: आधी गोरा भटक्या, मग बिनलेसचा बूट, आणि आपल्याकडे गल्लीतला पोरगा

“दिवसभर कुठं लोफरासारखा हिंडत असतोस रे?”

हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. आमच्याकडे हा शब्द आजोबांच्या तोंडी असायचा. त्यांना इंग्रजीची फारशी आवड नव्हती, पण ‘लोफर’ त्यांना इंग्रजी वाटायचाच नाही. ‘टेबल’ आणि ‘बस’सारखा तोही मराठीच. आता इन्स्टाग्रामवर ‘लोफर’ सर्च केलं की चकचकीत लेदरचे बूट दिसतात. त्याखाली कुणीतरी हमखास लिहिलेलं असतं, “माझे बाबा मला हेच म्हणतात.”

म्हणजे एकाच शब्दाची ही दोन टोकं. इंग्रजीत माणसासाठी ‘लोफर’ म्हणणं आता जुनाट वाटतं, आपल्याकडे मात्र तो अजून ताजा आहे. हा शब्द आला कुठून आणि आपल्याकडे पोचला कसा?

पावाशी संबंध नाही

इंग्रजीत ‘लोफ’ म्हणजे पावाची लादी. त्यामुळे ‘फुकटचा पाव खाणारा तो लोफर’ अशी व्युत्पत्ती अधूनमधून फिरत असते. ऐकायला झकास आहे, पण तिला आधार नाही. अमेरिकेत 1830 च्या दशकात हा शब्द छापील मजकुरात दिसू लागला. अभ्यासकांचा कल जर्मन ‘लांडलॉयफर’कडे आहे. लांड म्हणजे देश किंवा मुलूख, लॉयफर म्हणजे पळणारा. मुलूखभर भटकणारा माणूस, असा त्याचा अर्थ. याबद्दल शंभर टक्के खात्री कुणीच देत नाही, पण खरं असेल तर गंमत आहे. जागचं न हलणाऱ्या माणसाला आपण जे नाव देतो, त्याच्या मुळाशी ‘पळणारा’ आहे!

आणखी एक गोष्ट. ‘लोफ करणे’ हे क्रियापद नंतरचं आहे. आधी लोफर जन्माला आला, मग त्याच्या कामाला (म्हणजे काम न करण्याला) शब्द मिळाला.

पुढे वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीनं 1855 च्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’मध्ये हेच क्रियापद अभिमानानं स्वतःसाठी वापरलं. रिकामं बसणं हीसुद्धा जगण्याची एक रीत आहे, असा त्याचा सूर होता. आपल्या आईसमोर हा युक्तिवाद करून बघा, काय होतं ते कळवा.

भारतातले पहिले लोफर गोरे होते

इथं गोष्ट खरी रंगते. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या इंग्रजांच्या तोंडी ‘लोफर’ हा शब्द आला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भारतीय माणूस नव्हता. तो शब्द होता बेकार, भटक्या गोऱ्या माणसासाठी.

असे गोरे इथं होते का? भरपूर होते. 1857 नंतर कंपनीचं सैन्य राणीच्या सैन्यात विलीन झालं, तेव्हा बरेच गोरे शिपाई नाव कापून बाहेर पडले. रेल्वेच्या कामावर आलेले मजूर आणि फोरमन काम संपल्यावर मोकळे झाले. बंदरात जहाज सोडून पळालेले खलाशी होते, ऑस्ट्रेलियाहून लष्करासाठी घोडे घेऊन आलेले मोतद्दारही होते. मुंबईत तर 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले, शेअरचा फुगा फुटला आणि पेढ्या बुडाल्या. परतीचं भाडं खिशात नसलेला गोरा माणूस रस्त्यावर हात पसरताना दिसू लागला.

सरकारला खरी चिंता त्याच्या पोटाची नव्हती, इभ्रतीची होती. राज्यकर्त्यांच्या रंगाचा माणूस दारू पिऊन ‘नेटिव्ह’ लोकांकडे भीक मागतोय, हे दृश्य साम्राज्याला परवडणारं नव्हतं. म्हणून 1869 मध्ये खास युरोपीय भटक्यांसाठी कायदा झाला आणि 1874 मध्ये तो सुधारून पुन्हा आला. अशा माणसाला पकडायचं, सरकारी वर्कहाऊसमध्ये ठेवायचं, नोकरी मिळते का बघायचं. नाहीच मिळाली तर सरकारी खर्चानं जहाजावर बसवायचं, ‘काही वर्षं परत येणार नाही’ असं लिहून घेऊन. मुंबईतल्या या गोऱ्या भटक्यांवर इतिहासकार अरविंद गणाचारी यांनी लिहिलं आहे. विषय आवडला तर जरूर शोधा.

रुडयार्ड किपलिंगच्या 1888 च्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या कथेत रेल्वेच्या इंटरमीजिएट वर्गाचं वर्णन येतं. त्या डब्यात कोण कोण बसतं याच्या यादीत ‘लोफर’ चक्क एक वेगळा वर्ग म्हणून हजर आहे.

आणि त्याच वेळी…

1869 आणि 1874 या दोन कायद्यांच्या मध्ये, 1871 मध्ये, आणखी एक कायदा आला. क्रिमिनल ट्राइब्स अॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. सुरुवात उत्तर भारतात झाली, 1911 च्या कायद्यानं तो देशभर लागू करायची वाट मोकळी झाली. सोलापुरातल्या ‘सेटलमेंट’ भागाचं नाव याच इतिहासातून आलंय.

हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की अंगावर येतात. गोरा माणूस भटकला तर ती त्याची वेळ वाईट, त्याला काम द्या किंवा घरी पाठवा. इथला माणूस भटकला तर तो जन्मतःच गुन्हेगार. त्याची अख्खी जमात नोंदवा, हजेरी घ्या, कुंपणात ठेवा. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

कायदा गेला, पण भाषेतून तो गेलाय असं मला वाटत नाही. बेभरवशाच्या, फसवणाऱ्या माणसाला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. बातमीच्या मथळ्यातही लिहितो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ हे एका समाजाचं नाव आहे. त्याच यादीत ‘छप्परबंद’ही आहेत, आणि रील्सखाली रोज पडणाऱ्या ‘छपरी’ या शब्दाचा संबंध या समाजाशी जोडला जातो. ‘लोफर’ शब्द मात्र कुणाच्या जातीला चिकटत नाही. शिव्यांच्या बाजारात ही छोटी गोष्ट नाही.

मग तो आपला कसा झाला?

इंग्रजीतला लोफर फक्त आळशी असतो. फार तर बेकार, थोडा फुकट्या. मराठीत आणि हिंदीत तो नाक्यावर उभा राहिला आणि त्याचा अर्थ बदलला. “त्या लोफर पोराच्या नादी लागू नकोस” या वाक्यात आळसाचा प्रश्नच नाही, प्रश्न चारित्र्याचा आहे. शिट्ट्या मारणारा, मुलींची छेड काढणारा, घरच्यांचं न ऐकणारा असं सगळं त्यात आलं. सिनेमानंही हातभार लावला. 1973 च्या ‘लोफर’मध्ये धर्मेंद्र चोर होता, 1996 मध्ये त्याच नावाच्या सिनेमात अनिल कपूर होता. दोघंही हिरो, त्यामुळे शब्दाला थोडी ऐटही आली.

आपल्याकडे यासाठी शब्दांची कमी नव्हती. उनाड, उडाणटप्पू, टवाळखोर, रिकामटेकडा, ऐतखाऊ. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. रिकामटेकडा छेड काढत नाही, उनाड पोरगं मोठं झालं की सुधारतं. लोफर मात्र या सगळ्यांचा एकगठ्ठा सौदा.

बुटाचं काय?

नॉर्वेतल्या ऑरलँड गावात बिनलेसचे, पायात सरकवायचे बूट बनायचे. 1930 च्या दशकात अमेरिकेत तशा बुटांची फॅशन आली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका कुटुंबानं त्यांना ‘लोफर’ नाव दिलं, तर 1936 मध्ये जी. एच. बास कंपनीनं ‘वीजन्स’ आणले, म्हणजे ‘नॉर्वेजियन’चं शेपूट. वाकायचं नाही, लेस बांधायची नाही. आळशाचा बूट. नाव चपखल बसलं आणि हळूहळू त्यानं माणसालाच बाजूला सारलं.

इंग्रजीत माणसाच्या अर्थाचा लोफर आता एका वेगळ्याच ठिकाणी जिवंत आहे, मानसशास्त्रात. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगलमन याला दिसलं होतं की दोरी ओढायला माणसं वाढवली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. 1979 मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच तपासलं. गटात असताना माणूस एकट्यापेक्षा कमी आवाज करतो. याला त्यांनी नाव दिलं ‘सोशल लोफिंग’. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये फक्त पहिल्या पानावर नाव असलेला तो मित्र आठवला ना?

तर तुम्हाला परदेशातल्या सहकाऱ्याशी इंग्रजीत बोलताना हा शब्द वापरायचा असेल, तर लक्षात ठेवा: “ही इज अ लोफर” म्हटल्यावर त्याला आधी बूट आठवेल, मग आळशी माणूस, आणि तुमच्या मनातला नाक्यावरचा पोरगा बहुधा आठवणारच नाही. आळशी म्हणायचं असेल तर ‘स्लॅकर’ चालतं. आणि छेड काढणाऱ्याबद्दल बोलत असाल तर सरळ तेच सांगा, त्यासाठी लोफर हा फार सौम्य शब्द आहे.