हुकमामागचा हेतू आणि तारखा

घराची भिंत बांधायची तर आज दुकानातून सिमेंट आणता येतं. 1981 साली परमिट लागायचं. कुणाला किती पोती द्यायची, हे सरकार ठरवायचं.

तेव्हा बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. बिल्डरांना सिमेंट मिळत होतं आणि बिल्डरांकडून ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या ट्रस्टला देणग्या जात होत्या. 31 ऑगस्ट 1981 रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण छापलं. मग मृणाल गोरे आणि प्रा. प. बा. सामंत मुंबई उच्च न्यायालयात गेले. मृणालताई म्हणजे गोरेगावच्या ‘पाणीवाली बाई’. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या त्याच.

अडचण बघा. सिमेंट वाटणं हा सरकारचा अधिकारच होता. कोर्ट काही सरकारच्या खुर्चीत बसून पोती वाटत नाही. पण अधिकार एका कामासाठी दिलेला आणि वापरला भलत्याच कामासाठी, तर तो हुकूम टिकत नाही. कायद्यात याला दुर्हेतू म्हणतात. आता हेतू असतो मनात, तो दाखवायचा कसा? शिवाय जो आरोप करतो त्यानंच तो सिद्ध करायचा, नुसत्या संशयावर भागत नाही. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांनी सूडानं कारवाई केली, अशी एका सिव्हिल सर्जनची तक्रार होती. 1963 साली सुप्रीम कोर्टानं त्यात टेलिफोनवरच्या बोलण्याच्या टेप पुराव्यात धरल्या आणि कारवाई रद्द केली. तीही पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या मतानं, म्हणजे काठावरच.

सिमेंट प्रकरणात कामी आल्या त्या तारखा. देणगी कधी आली, सिमेंट कधी सुटलं, हे शेजारीशेजारी मांडलं गेलं. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी दोन्हींचा संबंध आहे असा निकाल दिला. अंतुल्यांना पद सोडावं लागलं. फौजदारी खटला वेगळा, तो पुढे कित्येक वर्षं चालला.

राजीनाम्याची चर्चा फार झाली. मला तारखा मोलाच्या वाटतात, कारण त्या आपल्याही हातात असतात. रेशन दुकानाचा परवाना रद्द झाला, बचत गटाचं काम काढून घेतलं, तर हुकमाची प्रत मागा, अर्जाची पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवा. अशी रिट पूर्वी सोलापूरहून मुंबईला न्यावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.