अवस्था अनुमान

अवस्था अनुमान म्हणजे अभियांत्रिकी प्रणालीत जे प्रत्यक्ष मोजता येत नाही, ते मोजलेल्या थोड्या नोंदी आणि त्या प्रणालीचे गणिती प्रारूप यांच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती होय. ज्या राशी कळल्या असता प्रणालीची पुढील वाटचाल सांगता येते, त्यांच्या समूहास 'अवस्था' म्हणतात. संवेदक महाग असतात, बिघडतात आणि अनेक जागी बसविताच येत नाहीत. त्यामुळे मोठ्या प्रणालीची बरीचशी अवस्था नजरेआड राहते.

बंद नलिकेचे उदाहरण

सांगली जिल्ह्यातील आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यात टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येते. सातारा जिल्ह्यात कराडजवळ कृष्णा नदीतून उचललेले हे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविले जाते. तालुक्यात त्याच्या वितरणासाठी बंद नलिकांचाही अवलंब केलेला आहे. उघडा पाट फुटला तर वाटसरूलाही दिसतो. पुरलेल्या नळाची गळती दिसेलच असे नाही, आणि तिचा फटका शेवटच्या शेतकऱ्याला बसतो.

तत्त्व समजण्यासाठी एकसारख्या व्यासाची एक नलिका कल्पू. दाब आणि विसर्ग केवळ तिच्या दोन टोकांना मोजले जातात. वरून सेकंदाला १०० लिटर पाणी शिरते आणि खाली ९० लिटर निघते. १० लिटर वाटेत जातात, हे वजाबाकीने कळले. कोठे जातात, ते कळत नाही. त्यासाठी घर्षणाचा नियम उपयोगी पडतो. घर्षणाने होणारी दाबाची घट साधारणपणे विसर्गाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून गळतीच्या वरच्या भागात दाब वेगाने घटतो, खालच्या भागात सावकाश. जमिनीचा चढउतार हिशेबात धरून दोन्ही टोकांकडून दाबाच्या रेषा काढल्या, की त्या जेथे छेदतात तेथे गळती असते.

हा हिशेब फार हळवा आहे. वरचा मीटर अवघा एक टक्का जास्त दाखवीत असेल, तर १००० मीटरवरील गळती सुमारे ९०० मीटरवर असल्याचे उत्तर येते, आणि खड्डा भलत्याच ठिकाणी खणला जातो. गळत्या दोन असतील तर त्याच चार नोंदींत बसणाऱ्या अनेक जोड्या निघतात. अशा प्रणालीला 'निरीक्षणक्षम नसलेली' म्हणतात. टोकांवरचे मीटर वाढवून येथे काही साधत नाही. मात्र दोन गळत्यांच्या मध्ये कोठेही दाब आणि विसर्ग मोजला, तर उलगडा होतो. नळ तडकला आहे की कोणी चोरून जोडणी घेतली आहे, हे मात्र आकडे सांगू शकत नाहीत. तेथे माणूसच पाठवावा लागतो.

कालमन गाळणी

निरीक्षणक्षमतेची संकल्पना रुडॉल्फ कालमन यांनी मांडली. त्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली 'कालमन गाळणी' आधी प्रारूपावरून भाकीत करते, मग नव्या नोंदीने ते सुधारते. दोहोंपैकी ज्याची अनिश्चितता कमी, त्याला अधिक वजन मिळते. अपोलो यानांच्या मार्गनिर्धारणात तिचा उपयोग झाला.

वीजजाळे

ईशान्य अमेरिकेतील १९६५ च्या वीजखंडनानंतर या क्षेत्राकडे लक्ष वेधले गेले, आणि १९७० मध्ये फ्रेड श्वेपे यांनी वीजजाळ्यासाठी ही पद्धती मांडली. चुकीची नोंद ओळखून बाजूला काढणे हा तिचा मोठा लाभ. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी एका नियंत्रण केंद्रात एक वाहिनी बंद पडल्याची नोंद प्रारूपात पोहोचली नव्हती, त्यामुळे अनुमान जुळेना. दुरुस्तीसाठी थांबविलेली स्वयंचलित गणना पुन्हा चालू करावयाची राहून गेली.